दुकानाची दर्शनी बाजू

व्याख्यानमालेत कामगार संघटनेचा माणूस बोलावयास उभा राहिला, की तो बोनस, कंत्राटी पद्धत किंवा महागाई यांपैकी एखाद्या विषयाला हात घालणार, असे श्रोते गृहीत धरतात. आम्ही मात्र दुकानाच्या दर्शनी मांडणीचा इतिहास सांगणार आहोत. हा विषय ऐकून आमच्या सोबत्यांनाही थोडे हसू आले. पण बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत ज्याने चार वर्षे पाळ्या काढल्या असतील, त्याला यात हसण्यासारखे काही वाटू नये. कारखान्यातून मिळालेला पगार शेवटी जातो कोठे? किराणा, कापड, चपला, औषधे आणि मोबाईल यांच्या दुकानांत जातो. आणि त्या दुकानांतून सकाळपासून रात्रीपर्यंत उभी असणारी मुले-मुली कोण? तीही कामगारच. तेव्हा कारखान्याचे फाटक आणि दुकानाची काच यांमधील अंतर वाटते तितके मोठे नाही.

दुसरेही एक कारण आहे. बुटीबोरीतील लहान दुकानदार आम्हांस नेहमी विचारतात, "भाऊ, समोरची मांडणी कशी करावी म्हणजे गिऱ्हाईक पायरी चढेल?" आम्ही काही सजावटकार नव्हे. शाळा लवकर सुटली, पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले. त्यामुळे असा प्रश्न आला म्हणजे आम्ही तो इतिहासालाच विचारतो. इतिहासाने दिलेले उत्तर असे, की दर्शनी मांडणी म्हणजे दुकानदाराने रस्त्यावरच्या माणसाला दिलेला शब्द होय. हा शब्द कसा दिला गेला, कोणी पाळला, कोणी मोडला आणि त्यातून कोण वगळला गेला, याची हकीकत पुढे मांडली आहे.

आपल्याकडचे जुने दुकान आठवून पाहा. उंच ओटा, त्यावर गादी आणि तक्क्या, बाजूला गल्ला. दार फळ्यांचे, सकाळी एकेक फळी काढायची आणि रात्री पुन्हा बसवायची. किराणा दुकानात पोत्यांची तोंडे बाहेरच्या अंगास दुमडून धान्याचे ढीग दाखवीत. दोर, केरसुण्या, कंदील आढ्याला टांगलेले असत. तांबट आपली भांडी दारावर माळेसारखी लटकवी. तान्ह्या पोळ्याच्या आधी नागपूर भागात लाकडी नंदी दुकानांपुढे ओळीने उभे राहत, ते आजही राहतात. म्हणजे मांडणीची दृष्टी आपल्याकडे नव्हती, असे कोणी समजू नये. माल दिसला पाहिजे हे आमच्या वाण्यालाही कळत होते.

परंतु त्या दुकानात दोन गोष्टी झाकलेल्या असत. पहिली गोष्ट किंमत. कापडाचा व्यापारी गादीवर बसून गठ्ठा सोडी आणि भाव गिऱ्हाईकाचे तोंड पाहून सांगे. बैलबाजारात तर रुमालाखाली बोटे दाबून सौदा होई. शेजारच्यालाही आकडा कळू नये अशीच ती रीत. दुसरी गोष्ट म्हणजे ओट्यावर चढण्याचा अधिकार. अस्पृश्य मानलेल्या माणसाने ओट्याखाली उभे राहावे, पैसे दुरून ठेवावेत आणि वस्तू वरून टाकली जाईल ती झेलावी, हा शेकडो गावांतील दंडक होता. त्याला कापडाला हात लावून पोत पाहता येत नसे, घासाघीस करता येत नसे आणि मिळालेला माल परतही करता येत नसे. बाजारात सर्वांचा पैसा सारखा, हे वाक्य ऐकावयास बरे वाटते. त्या ओट्यापुढे ते खरे नव्हते.

आता काचेकडे येऊ. इंग्लंडात काचेवर जबर कर होता. तो १८४५ साली उठला आणि काच स्वस्त झाली. १८५१ साली लंडनला जे जागतिक प्रदर्शन भरले, त्याच्या इमारतीला सुमारे तीन लाख काचा बसविल्या होत्या. लोखंड आणि काच यांच्या त्या महालाने साऱ्या जगाला शिकविले, की वस्तू काचेआड ठेवली म्हणजे ती पाहण्यासाठीच माणसे लांबून येतात. ही लाट नागपूरपर्यंत पोचावयास फार वर्षे लागली नाहीत. १८६३ साली नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय स्थापन झाले. लोकांनी त्याला अजब बंगला हे नाव दिले आणि तेच टिकले. १८६५ च्या डिसेंबरात चीफ कमिशनर रिचर्ड टेम्पल यांच्या कारकिर्दीत नागपुरात कला, कारागिरी आणि शेतमाल यांचे मोठे प्रदर्शन भरले. १८७७ च्या १ जानेवारीस जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. पाहण्याची सवय आणि गिरणीचा ढीगभर माल या दोन गोष्टी एकाच पिढीत आमच्या शहरात आल्या. ढीगभर माल खपवायचा तर गिऱ्हाईक ओळखीचे असून भागत नाही. अनोळखी माणसाला थांबवावे लागते, आणि त्याला थांबविण्याचे काम दर्शनी बाजूला करावे लागते.

हाच प्रश्न पॅरिसमध्ये आरिस्तिद बुसिको याने १८५२ पासून आपल्या 'बाँ मार्शे' दुकानात सोडविला होता. त्याने वस्तूवर किंमत लिहिली, सर्वांना तोच भाव ठेवला आणि काही न घेताही आत फिरण्यास मुभा दिली. अमेरिकेत एल. फ्रँक बॉम या गृहस्थाने १८९७ साली दुकानांच्या दर्शनी खिडक्या सजविण्यावर एक मासिकच काढले. पुढे १९०० साली त्याने याच विषयावर पुस्तक लिहिले, आणि त्याच वर्षी त्याची 'विझर्ड ऑफ ऑझ' ही मुलांची अद्भुतकथा प्रसिद्ध झाली. खिडकी सजविणारा आणि जादूची गोष्ट लिहिणारा एकच माणूस असावा, याचे आम्हांस नवल वाटत नाही. लंडनला १९०९ साली गॉर्डन सेल्फ्रिज याने आपले दुकान उघडले तेव्हा दुकान बंद झाल्यावरही रात्री खिडक्यांतील दिवे चालू ठेवले. दिवसभर राबून रात्री घरी परतणाऱ्यांनाही त्यामुळे माल पाहता आला.

आपल्याकडे लिहिलेली किंमत गावोगाव पोचली त्यात बाटाच्या दुकानांचा वाटा मोठा आहे. कलकत्त्याजवळ बाटानगर १९३४ साली उभे राहिले. काचेआड मांडलेली चप्पल आणि तिच्यावर आकड्याची चिठ्ठी हे दृश्य पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत रुळले. रुपयाला एक पैसा कमी असलेला तो आकडा लोकांच्या चेष्टेचा विषय झाला खरा. पण त्या चिठ्ठीने एक मोठे काम केले. शेतमजूर आणि मामलेदार यांना एकाच चपलेचा एकच भाव दिसू लागला.

काचेचा माल परका आणि काचही परकी, हे शल्य मात्र स्वदेशीच्या काळात सर्वांनाच टोचत होते. पैसा पैसा वर्गणी गोळा करून अंताजी दामोदर काळे यांनी जो पैसा फंड उभारला, त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. १९१६ साली ओगले बंधूंनी आपला काच कारखाना काढला. त्यांच्या प्रभाकर कंदिलाने पुढे मराठी घरे आणि दुकाने उजळली. मोठ्या खिडकीची सपाट काच या कारखान्यांतून येत नव्हती. पण वाण्याच्या फळीवर गोळ्या-बिस्किटांची जी काचेची बरणी आली, तीच लहान दुकानाची पहिली खिडकी, असे आम्ही समजतो. बरणीतली गोळी पोराला दिसे, आणि पोराचा हट्ट बापाला पायरी चढावयास लावी.

बुटीबोरी नागपूर-वर्धा रस्त्यावर आहे, हे आम्ही या प्रकरणात महत्त्वाचे मानतो. नागपूरच्या बाजूस गेले तर सीताबर्डी आणि इतवारीच्या बाजारपेठा लागतात. वर्ध्याच्या बाजूस गेले तर मांडणीचा एक अगदी निराळा विचार भेटतो. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पा यांच्या हाताखाली वर्ध्यास मगनवाडीत त्याचे काम चालले. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. तेथील सजावट गांधीजींनी नंदलाल बोस यांच्यावर सोपविली, आणि नंदबाबूंनी बांबू, चटया अशा स्थानिक वस्तूंतूनच ती उभी केली. शहरातून किमती कापड आणि रंगीत कागद आणल्यावाचून शोभा येत नाही, हा समज तेथे खोटा ठरला. जवळ असलेली वस्तू नीट जागी ठेवली, तिच्या भोवती मोकळी जागा सोडली, म्हणजे ती आपोआप उठून दिसते.

यानंतर १९३८ च्या ३० डिसेंबरास वर्ध्याला मगन संग्रहालय उघडले गेले. गांधीजींचे पुतणे आणि चरख्यात सुधारणा घडविण्यासाठी झटलेले मगनलाल गांधी १९२८ साली वारले. त्यांचे नाव या संग्रहालयास दिले. येथील मांडणीत वस्तूबरोबर तिचे अवजारही आहे. खादी पाहणाऱ्याला चरखा दिसतो, चरखा पाहणाऱ्याला कातणारा हात आठवतो. शहरी खिडकी वस्तू दाखविते आणि ती करणारा हात पडद्याआड ठेवते. वर्ध्याच्या मांडणीने तो हात पुढे आणला. कामगार चळवळीतील माणसाला या दुसऱ्या पद्धतीचे ऋण मानावेच लागते.

परंतु पाटी खादीची लावली म्हणजे आत खादी असतेच असे नाही. मुंबईत दादाभाई नौरोजी रस्त्यावर, जेथे पूर्वी व्हाइटअवे लेडलॉ या इंग्रज कंपनीचे भपकेदार दुकान होते, तेथे पुढे खादी भांडार आले. केवढा हा पालट! आणि २०२२ साली तेथे अस्सल नसलेला माल विकला जातो, असे कारण देऊन खादी आयोगाने ते चालविणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र रद्द केले. इमारत तीच, पाटीवरचे नाव पूज्य, तरीही दिलेल्या शब्दावर प्रश्नचिन्ह उभे राहिले. मांडणी कितीही सुंदर असो, तिच्यामागच्या मालाने साथ दिली नाही तर काच दुकानदाराच्याच विरुद्ध साक्ष देते.

ओट्यावर चढण्याच्या अधिकाराचे काय झाले, हे सांगितल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही. काचेने पाहण्याची मोकळीक दिली, पण आत येण्याचा हक्क काच देऊ शकत नाही. तो कायद्याने द्यावा लागला. आपल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणाने कोणालाही दुकानात प्रवेश नाकारता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. मूलभूत हक्कांच्या यादीत 'दुकान' हा शब्द यावा, याचे पुस्तकी पंडितांना आश्चर्य वाटेल. ज्याने ओट्याखाली उभे राहून मीठ घेतले त्याला वाटणार नाही. घटना समितीत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी या कलमावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी दुकान या शब्दाचा अर्थ व्यापक घ्यावयाचा आहे, जो कोणी आपली सेवा लोकांपुढे ठेवतो त्याचाही त्यात समावेश होतो, असा खुलासा केला. १९५५ साली अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. लिहिलेली किंमत आणि मोकळे दार ही दोन वचने अशा रीतीने वेगवेगळ्या वाटांनी, एक व्यापारातून आणि एक लोकलढ्यातून, आमच्या बाजारात आली.

आता राहिला काच पुसणारा. इंग्लंडातील दुकानांच्या झगमगाटामागे कोण होते, हे एच. जी. वेल्स याने पुरेपूर पाहिले होते. मोठा लेखक होण्यापूर्वी १८८१ पासून दोन वर्षे तो एका कापड दुकानात उमेदवारी करीत होता. तेथील दिवस तो विसरला नाही आणि १९०५ च्या आपल्या 'किप्स' या कादंबरीत त्याने ते उतरविले. मार्गारेट बाँडफील्ड ही तर चौदाव्या वर्षी कापड दुकानात नोकरीस लागलेली मुलगी. दुकान नोकरांच्या संघटनेत शिरून तिने टोपणनावाने लेख लिहिले, दुकानांतील कामाची पाहणी केली, आणि १९२९ साली ब्रिटनच्या मंत्रिमंडळात बसणारी ती पहिली स्त्री झाली. अशा माणसांच्या खटपटीतून १८९९ साली दर तीन स्त्री-नोकरांमागे एक बैठक ठेवण्याचा कायदा झाला आणि १९११ च्या कायद्याने आठवड्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली. बसावयास एक स्टूल! त्यासाठी साम्राज्याच्या पार्लमेंटला कायदा करावा लागला.

हे परक्या देशाचे जुने दुखणे म्हणून सोडून देता येत नाही. केरळात कोळिकोडच्या 'पेणकूट्टु' या स्त्रियांच्या संघटनेने बसण्याच्या हक्कासाठी झगडा दिला आणि २०१८ साली तेथील सरकारने दुकानांच्या कायद्यात त्याची तरतूद केली. १८९९ ते २०१८, म्हणजे एका स्टुलाला एकशे एकोणीस वर्षे लागली.

आपल्या भागात मध्यप्रांत-वऱ्हाडचा दुकाने व आस्थापना कायदा १९४७ साली झाला. विदर्भ १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आल्यावर पुढे १९४८ चा मुंबईचा कायदा इकडे लागू झाला. साप्ताहिक सुट्टी आणि कामाचे तास यांची मर्यादा लहान दुकानातील नोकरालाही मिळाली. प्रत्यक्षात किती मिळाली हे ज्याचे त्याला ठाऊक, पण कागद त्याच्या बाजूने होता. २०१७ च्या नव्या कायद्याने हा कागद दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरता ठेवला. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा विसावर नेण्याचा निर्णय घेतला. बुटीबोरीच्या बाजारात वीस नोकरांची दुकाने किती सापडतील? जेथे दोन-तीन मुले-मुली काम करतात, तीच दुकाने बहुसंख्य. मधल्या काळात २०२२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मराठी पाटीचा नियम मात्र दहाहून कमी कामगारांच्या दुकानांनाही लावण्यात आला. पाटी मराठी असावी, यात आम्हांस आनंदच आहे. परंतु दुकानाच्या कपाळावरची अक्षरे कायद्याला दिसावीत आणि त्या अक्षरांखाली बारा तास उभी असलेली मुलगी दिसू नये, हे आम्हांस समजत नाही.

एवढा इतिहास पाहिल्यावर दुकानदारांच्या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे जाते. लहान दुकानाची काच चार-सहा फुटांची असते. तिच्यात सगळे दुकान कोंबू नये. एका वेळी एक गोष्ट सांगावी: पावसाळा आला, तर छत्री, रेनकोट, रबरी चपला, शाळा उघडली, तर दप्तर, डबा, पाण्याची बाटली. रस्त्याने जाणाऱ्याची नजर ज्या उंचीवर पडते त्या उंचीवर मुख्य वस्तू ठेवावी आणि तिच्या आजूबाजूस जागा मोकळी सोडावी. फैजपूरचा धडा हाच. दिवा वस्तूवर पडावा, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत जाऊ नये. आमच्याकडच्या उन्हाळ्यात पश्चिमेकडची काच कापडाचा रंग दोन आठवड्यांत उडविते. तेथे भांडी किंवा प्लास्टिक ठेवावे, कापड ठेवायचे तर दुपारी पडदा ओढावा आणि माल वरचेवर बदलावा. महिनाभर तीच मांडणी धूळ खात राहिली तर रोज तेथून जाणारा कामगार ती पाहीनासा होतो. पगाराचे दिवस ठरलेले असतात. त्याच्या दोन दिवस आधी मांडणी बदलावी, म्हणजे घरी जाऊन बायकोशी विचार करण्यास त्याला वेळ मिळतो.

किंमत मोठ्या आकड्यांत लिहावी. बुटीबोरीत बिहार, उत्तर प्रदेश, छत्तीसगड येथून आलेले हजारो कामगार राहतात. त्यांना भाव विचारताना भाषेची अडचण येते आणि भाव विचारून न घेता परतण्याची लाज वाटते. आकडा ही दोन्ही संकटे दूर करतो. 'फक्त अमुक रुपयांपासून' अशी अक्षरे मोठी लिहून त्या भावाची एकच वस्तू आत ठेवणे, हा शब्द मोडण्याचा प्रकार होय. एकदा फसलेला कामगार आपल्या साऱ्या खोलीला आणि साऱ्या पाळीला ती गोष्ट सांगतो. काचेत जी वस्तू आहे तीच आत मिळाली पाहिजे. पायरीवर माल रचून दार अरुंद करू नये. मांडणीने गिऱ्हाईकाला बोलवायचे आणि दाराने त्याला अडवायचे, हे कशाला?

आणि मांडणी करणाऱ्या नोकराला विचारावे. गिऱ्हाईक कोठे थांबते, कशाला हात लावते, काय पाहून हिरमुसते, हे दिवसभर उभ्या असणाऱ्यालाच कळते. त्या कामासाठी त्याला दुकान उघडण्याच्या वेळेतच तासभर द्यावा. रात्री शटर ओढल्यानंतर फुकटात थांबवून घेऊ नये. आत एक स्टूल ठेवावे. कायदा आज लहान दुकानाला विचारीत नसला तरी स्टुलाची किंमत एका पुतळ्याच्या किमतीपेक्षा पुष्कळच कमी असते.

काही दुकानदार म्हणतील, की मोठी मॉल आणि मोबाईलवरची खरेदी यांपुढे आमच्या चार फुटी काचेचा टिकाव कसा लागणार. प्रश्न खरा आहे आणि त्याचे सगळे उत्तर मांडणीत नाही. पण मोबाईलच्या पडद्यावर कापडाला हात लावता येत नाही, आणि तेथे विकणारा माणूस कोण हेही दिसत नाही. बुटीबोरीच्या दुकानात दोन्ही गोष्टी शक्य आहेत. रात्री दहाला पाळी संपवून बाजारातून जाणाऱ्या कामगाराला उजेडातली वस्तू, तिच्यावरचा खरा आकडा आणि मोकळे दार दिसावे, तसेच तिच्यामागे उभ्या असलेल्या मुलीला घरी जाण्याची वेळ ठाऊक असावी, एवढी मागणी आम्ही दुकानदारांपुढे आणि सरकारपुढे ठेवीत आहोत.